नवा भाग टाकला की गेम उघडत नाही, सेव्ह दिसत नाहीत: काय काय तपासायचं

अंगात अचाट शक्ती आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींची एक व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं आणि संवादांतून, आपण निवडलेल्या पर्यायांवर पुढे सरकणारी कथा), अठरा वर्षांवरच्यांसाठीची, आमच्या दिग्रस-दारव्हा पट्ट्यात बऱ्याच लॅपटॉपवर आहे. यवतमाळ-अमरावतीला शिकणारी पोट्टी सुट्टीत गावी आली की लॅपटॉप काखेत मारून दुकानात येतात. नवा भाग आलेला असला की तक्रार ठरलेली: "दादा, गेम उघडूनच नाही राह्यला." नाहीतर, "दादा, सगळे सेव्ह गेले." हे टिपण तेवढ्याच तक्रारीसाठी आहे. गेमचं नाव घ्यायची गरज नाही. या पद्धतीचे बहुतेक गेम रेनपाय या एकाच इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनतात, त्यामुळे एकाला लागू पडलेला इलाज दुसऱ्यालाही लागू पडतो.

दोन अटी आधीच सांगतो. पोरगा अठराच्या आतला असेल तर मी हे काम घेत नाही. आणि एकाच्या मशीनमधून दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवर गेम कॉपी करून देत नाही. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, आणि कोणता गेम त्यात बसतो यावर ठाण्यात उभं राहून वाद घालायची मला हौस नाही. गेम बनवणाऱ्याकडून घ्या, स्वतःच्या मशीनवर खेळा.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा, कारण पुढची वाट त्यावरून बदलते.

- डबल क्लिक केलं तरी काहीच होत नाही, किंवा खिडकी क्षणभर चमकून बंद होते.
- संगीत ऐकू येतं, पण पडदा काळा.
- इंग्रजी मजकुराचं पान येतं, वर लिहिलेलं असतं 'ॲन एक्सेप्शन हॅज ऑकर्ड'.
- गेम उघडतो, पण लोडमध्ये सगळे चौकोन रिकामे.
- जुना सेव्ह उघडतो, पण कथा भलतीच. मागच्या भागात अदृश्य होण्याची शक्ती घेतलेली, आता पात्रं आपण आग फेकतो असं धरून बोलतात.
- थोडा वेळ नीट चालतो, मग अडखळतो, मग मशीनच बंद पडतं.

पहिल्या पाच लक्षणांत बहुतेक वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं, नवा भाग चुकीच्या पद्धतीने टाकलेला असतो. म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकायला निघू नका. फॉरमॅट करू देऊ नका, मग सांगणारा कोणीही असो.

कशालाही हात लावायच्या आधी सेव्हची नक्कल काढा

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटंही लागत नाहीत. रेनपाय विंडोजवर सेव्ह दोन ठिकाणी ठेवतं. एक ठिकाण म्हणजे गेमच्या फोल्डरमधल्या 'गेम' फोल्डरच्या आतलं 'सेव्हज'. दुसरं वापरकर्त्याच्या ॲपडेटा या विंडोजच्या फोल्डरमध्ये. तिथे जायला विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत रोमन अक्षरांत ॲपडेटा टाका, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा नको. एंटर दाबलं की 'रेनपाय' नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात प्रत्येक गेमचं वेगळं फोल्डर असेल, नावाच्या शेवटी बहुधा लांबलचक आकडा. हे अख्खं रेनपाय फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

दोन ठिकाणं का, ते नीट समजून घ्या, अर्धं रडगाणं तिथेच संपतं. गेमचं फोल्डर पुसलं तरी ॲपडेटामधली प्रत राहते. म्हणून "फोल्डर डिलीट केलं, सगळं गेलं" म्हणणाऱ्यांचे सेव्ह बहुतेक वेळा तिथेच पडलेले सापडतात. पण विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह साफ केला की ॲपडेटाही जातं, आणि गेमही सीवरच असेल तर दोन्ही प्रती एकदम जातात. फॉरमॅटला नाही म्हणा असं वर सांगितलं ते यासाठी.

गेमच्या सेव्हच्या फोल्डरमध्ये 'पर्सिस्टंट' नावाचीही एक फाइल असते. चित्रदालनात काय काय उघडलंय, आवाज किती ठेवलाय, असल्या नोंदी तिच्यात राहतात. तीही नकलेत येऊ द्या.

फुकटच्या तपासण्या

पहिली इतकी साधी आहे की विचारलं तर पोरं रागावतात. गेम झिपच्या आतूनच चालवताय का? विंडोज झिप साध्या फोल्डरसारखी उघडून दाखवतं. आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती एकटी फाइल तात्पुरत्या जागी निघते, चित्रं, आवाज, इंजिनचे भाग झिपमध्येच राहतात. मग खिडकी चमकून बंद होणारच. झिपवर उजवं क्लिक करा, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' घ्या, आणि ते डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधल्या फोल्डरमधल्या फोल्डरमध्ये नको, थेट डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं रोमन अक्षरांतलं छोटं फोल्डर करून त्यात काढा. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की बऱ्याच प्रोग्रामांना ती फाइल सापडत नाही. शिवाय जुन्या, पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवरच्या गेमना फोल्डरचं नाव देवनागरीत असलं तरी अडचण येऊ शकते.

दुसरी तपासणी मशीनच्या तारखेची. खेड्यातल्या डेस्कटॉपमध्ये ही हमखास निघते. लाइन गेली, मशीन दोन-चार दिवस बंद राहिलं आणि मदरबोर्डवरचा बटनसेल मेलेला असला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. त्याने दोन गोष्टी होतात. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं, त्यामुळे डाउनलोडचं पान उघडत नाही. आणि सगळ्यात ताजा सेव्ह कोणता हे गेम फाइलच्या तारखेवरून ठरवतो. मागच्या तारखेने केलेला कालचा सेव्ह त्याला जुना वाटतो, 'कंटिन्यू' दाबलं की तीन प्रकरणं मागचा उघडतो, आणि पोरगा म्हणतो गेमने सेव्ह खाल्ला. खाल्लेला नसतो. लोडच्या पानावर जाऊन हाताने निवडा. सेल सीआर २०३२ नावाने मिळतो, तीन व्होल्टचा, स्वस्त. बदलताना मशीनची पिन भिंतीतून काढलेली असू द्या.

तिसरी बघताना थोडं थांबा, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचा रोग हाच असतो.

नवा भाग जुन्या फोल्डरवर ओतलेला असतो. "रिप्लेस करू का?" असं विंडोजने विचारलं की 'यस टू ऑल'. वरवर बरोबर वाटतं, पण गेम बनवणाऱ्याने या भागात काही फाइलींची नावं बदललेली असतात, काही काढून टाकलेल्या असतात. ओतल्यावर नव्या येतात, जुन्या जागच्या हलत नाहीत. रेनपाय तर गेमच्या फोल्डरमधली आरपीवायसी शेवटाची प्रत्येक फाइल उचलून वाचतं, जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही. मग एकच प्रसंग दोन फाइलींत सापडतो आणि चुकीच्या पानावर 'डिफाइन्ड ट्वाइस' असे शब्द येतात. ते दिसले की बाकी काही तपासू नका. नवा भाग पूर्ण वेगळ्या, कोऱ्या फोल्डरमध्ये काढा. सेव्ह ॲपडेटातून आपोआप दिसतील, वेगळे नेऊन ठेवावे लागत नाहीत. नवा नीट चालतोय अशी खात्री झाली की मग जुना पुसा.

याच रोगाचा मोठा भाऊ म्हणजे मॉड. कोणता पर्याय निवडल्यावर कोण खूश होईल ते आधीच सांगणाऱ्या, गुण वाढवून देणाऱ्या फाइली पोरं कुठून कुठून आणून टाकतात. त्या मागच्या भागासाठी बनलेल्या असतात आणि कथेचा एखादा तुकडा स्वतःच्या प्रतीने झाकून टाकतात. नवा भाग आला तरी झाकण जुनंच. शक्ती बदलल्याची, पात्रं भलतंच बोलत असल्याची तक्रार आली की मी आधी विचारतो, मॉड आहे का. उत्तर "नाही" येतं. मग 'गेम' फोल्डर तारखेप्रमाणे लावतो आणि वेगळ्या तारखेची एखादी फाइल वर येते. ती काढून ठेवायची, गेम मॉडशिवाय चालवून बघायचा. शिवाय मॉड म्हणजे कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला पायथन प्रोग्राम, तो मशीनवर काहीही करू शकतो. ज्या लॅपटॉपवर बाबांचं बँकेचं काम चालतं त्यावर तर मॉड नकोच.

डाउनलोड पुरतं झालंय का

हे गेम जड असतात. बहुतेक दृश्यं त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेली चित्रं, वर ॲनिमेशन, त्यामुळे एकेक भाग काही जीबींचा. गावात टॉवरखाली उभं राहून मोबाइलच्या नेटवर उतरवलेली झिप मध्येच तुटते आणि तरी पूर्ण झाल्यासारखी दिसते. सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, झिपवर उजवं क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह' घ्या. सीआरसीची, म्हणजे पडताळणीचा आकडा जुळत नसल्याची, चूक आली तर फाइल फाटकी आहे, पुन्हा उतरवा. नुसता आकार जुळतोय म्हणून समाधान मानू नका.

पेनड्राइव्हवर कॉपी होतच नसेल, "फाइल टू लार्ज" म्हणत असेल, आणि पेनड्राइव्हवर जागा तर भरपूर, तर पेनड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये आहे. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. (फॉरमॅटला मी हो म्हणतो ते एवढ्याच ठिकाणी.)

अँटीव्हायरसने मुख्य फाइल उचलून कोंडून ठेवलेली असू शकते. त्याच्या 'क्वारंटाइन' किंवा 'प्रोटेक्शन हिस्टरी' यादीत बघा. गेम थेट बनवणाऱ्याकडून घेतलेला असेल तरच सोडवा. मित्राच्या मित्राकडून आलेला असेल तर अँटीव्हायरसचं ऐका.

मशीन काय म्हणतंय ते वाचा

गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग' आणि 'ट्रेसबॅक' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. नोटपॅडमध्ये उघडतात. इंग्रजी बघून घाबरू नका, सगळं वाचायचं नसतं. ट्रेसबॅकच्या तळाशी जा आणि चुकीची ओळ शोधा.

'कुडन्ट फाइंड फाइल' असेल तर फाइल नाही, म्हणजे फाटकी झिप किंवा ओतलेलं फोल्डर. 'नेम एरर' किंवा 'ॲट्रिब्यूट एरर' असेल आणि ती जुना सेव्ह उघडल्यावरच येत असेल, तर नव्या भागात एखादी नवी नोंद आलीय जी जुन्या सेव्हमध्ये नाही. सेव्हमध्ये आपण कथेत कुठे आहोत ते असतं आणि आतापर्यंतच्या निवडी असतात: शक्ती कोणती घेतली, टोळीत कोण कोण आहे, कोणाशी किती सूत जमलं. नवा भाग अशी एखादी निवड विचारतो जी तेव्हा नव्हतीच. पानावर 'इग्नोर' बटण असतं. ते दाबून पुढे गेलात तर त्या क्षणापुरती सुटका होते, पण ती रिकामी नोंद पुढच्या सेव्हमध्येही जाते आणि दोन प्रकरणांनी परत आडवी येते. त्यापेक्षा त्याच्याही आधीचा सेव्ह उघडा, नाहीतर पहिल्यापासून खेळा. कंट्रोल दाबून धरलं की वाचलेला भाग सरसर पुढे जातो, निवडीपाशी थांबतो.

म्हणून पोरांना सांगून ठेवतो: भाग संपत आला की अगदी शेवटच्या ओळीवर सेव्ह करू नका. शेवटच्या प्रसंगाच्या सुरुवातीला एक आणि त्याच्या आधीच्या निवडीपाशी एक, असे दोन वेगळे सेव्ह ठेवा. पुढे निघून गेला असाल तर माउसचं चाक वर फिरवून मागे येता येतं.

दुसऱ्या मशीनवरून आणलेला सेव्ह उघडताना गेम विचारतो की हा वेगळ्या यंत्रावर बनलाय, बनवणाऱ्यावर विश्वास आहे का. ही चूक नाही. रेनपायच्या नव्या आवृत्त्यांत ही विचारणा मुद्दाम घातलेली आहे, कारण सेव्ह फाइलमध्ये घातक प्रोग्राम लपवता येतो. आपलाच सेव्ह असेल तर हो म्हणा. कोणी पाठवलेला 'सगळं उघडलेला' सेव्ह असेल तर नाही.

आणि सेव्ह खरोखर रिकामे दिसत असतील, पण ॲपडेटामध्ये त्या गेमची दोन फोल्डरं असतील, तर बनवणाऱ्याने या भागापासून सेव्हच्या फोल्डरचं नाव बदललंय. काही जण दुसरा सीझन मुद्दाम वेगळा ठेवतात. जुन्यातले सेव्ह नव्यात टाकण्याआधी बनवणाऱ्याने सोबत दिलेली सूचना वाचा. तो 'नव्याने सुरू करा' म्हणत असेल तर भांडून उपयोग नाही.

मोबाइलवाल्यांना थोडक्यात: नवी एपीके (ॲप टाकायची फाइल) 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' म्हणाली की लगेच जुनी काढू नका. ॲप काढलं की आतले सेव्हही जातात. बहुधा जुनी एका ठिकाणची आणि नवी दुसऱ्या ठिकाणची असते, दोघींची सही जुळत नाही. जुनी जिथून घेतली तिथूनच नवी घ्या.

काळा पडदा

शिफ्ट दाबून धरा आणि गेम सुरू करा. किंवा गेम चालू असताना शिफ्ट आणि जी दाबा. चित्र कोणत्या मार्गाने काढायचं ते निवडायचं पान येतं. त्यात 'अँगल'चा पर्याय घेऊन बघा. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ओपनजीएलचा मार्ग अडतो, अँगल तेच काम डायरेक्टएक्समधून करून घेतं.

तरी नाही झालं तर लॉग फाइलमध्ये 'रेंडरर' शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा. 'जीडीआय जेनेरिक' असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही. कोणीतरी विंडोज नव्याने टाकून दिलं आणि ड्रायव्हर टाकलाच नाही, असं बरंच होतं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर रेनपाय ८ वरचा गेम त्यावर चालत नाही. सेटिंग घासून ते होणार नाही.

चालता चालता बंद पडतं

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पण गरम होणारे लॅपटॉप माझ्याकडे जास्त येतात ते डिसेंबर-जानेवारीत, आणि त्याचं कारण कापूस. भाव वाढेल म्हणून घरातच गंजी मारून ठेवतात, पोरगं त्याच खोलीत गादीवर लॅपटॉप ठेवून खेळतं. मागचं झाकण उघडलं की पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या जाळीत पांढरा तंतू जमून त्याचा पापड झालेला असतो, चिमट्याने धरला की अखंड निघतो. पंखा फिरतो, हवा जात नाही, प्रोसेसर आधी मंदावतो, मग मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. गेममधल्या ॲनिमेशनच्या जागी हे हटकून होतं, कारण तिथेच मशीनवर जोर येतो.

आधी फुकटचं करा: लॅपटॉप पाटावर ठेवा, कापसाच्या खोलीतून हलवा, बाजूच्या जाळीवर हात धरून हवा येते का बघा. झाकण उघडणं जमत असेल तर मशीन बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जोरात फिरवलेल्या पंख्याचं बेअरिंग जातं.

यूपीएस असूनही डेस्कटॉप लाइन गेल्यासरशी बंद होत असेल तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. सेव्ह होताना वीज गेली तर तो एक सेव्ह बिघडू शकतो, बाकीचे राहतात.

इथे थांबा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फोल्डर उघडायलाच मिनिटं लागत असतील, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर 'कॉशन' वा 'बॅड' दाखवत असेल, तर गेम विसरा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) लावू नका, मरणाऱ्या डिस्कला ते आणखी घासतं. मशीन बंद करा आणि डेटा काढणाऱ्या माणसाकडे द्या. त्यात घरातले फोटो असतात, शिष्यवृत्तीचे कागद असतात, त्यांची किंमत सेव्हपेक्षा मोठी आहे.

बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरची अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा, कॉम्प्युटरवाल्याचं ते काम नाही. बाजूला पाण्याचा कूलर चालू असेल तर वायरमन येईपर्यंत तिथे अनवाणी बसूच नका. सगळ्या फाइलींची नावं एकाएकी बदलून पैसे मागणारी चिठ्ठी आली असेल तर नेट तोडा, काहीही पुसू नका, जाणकाराकडे न्या.

आणि कोऱ्या फोल्डरमध्ये, मॉडशिवाय, नव्याने सुरू केलेला गेमही त्याच जागी त्याच ओळीवर पडत असेल, तर चूक बनवणाऱ्याची आहे. दुकानदार तिथे काही करू शकत नाही. ट्रेसबॅक फाइल, गेमची आवृत्ती आणि कोणत्या प्रसंगात पडतो एवढं त्यालाच कळवा, दुरुस्त भाग येईपर्यंत जुना पुसू नका. दुकानात आणायचंच असेल तर लॅपटॉपसोबत चार्जर आणा, पासवर्ड लिहून आणा, आणि सेव्हच्या चौकोनांवर दृश्यांची छोटी चित्रं दिसतात हे लक्षात ठेवा. लॅपटॉप घ्यायला बाबांना पाठवणार असाल तर आधी सांगत जा.